दाखला शेताचा, शर्यत मैदानाची

रात्रीचे अडीच वाजून गेले होते. कर्नाटकातल्या कार्कळच्या बाजूच्या एका गावात चिखलाच्या दोन समांतर पट्ट्यांच्या कडेला माणसं खेटून उभी होती. फ्लडलाइटच्या उजेडात पाणी चहासारखं दिसत होतं. रेड्यांची जोडी सुटली. मागे दोराला बांधलेला, भोकं पाडलेला लाकडी ठोकळा आणि त्याच्यावर एका पायाने तोल सांभाळत उभा असलेला पोरगा. वेग आला तसं त्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं उसळलं आणि वर आडव्या ताणलेल्या कापडाला जाऊन भिडलं. कापड भिजलेलं दिसताच गर्दीतून असा आवाज निघाला की माझ्या शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर झोपलेलं नातवंड दचकून उठलं, एकदा इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा झोपलं. त्याला ही सवय असावी. या प्रकाराला कणे हलगे म्हणतात. आधी कोण पोचलं हे इथे कुणी विचारत नाही, पाणी किती उंच गेलं ते बघतात.

कंबळ ते हेच. मंगळूर, उडुपी आणि कासरगोड या तुळू बोलणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे तुळुनाडूत, नोव्हेंबर ते मार्च दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे रेडे धावत असतात. नेगिलु म्हणजे नांगर, हग्ग म्हणजे दोर, अड्ड हलगे म्हणजे आडवी फळी. स्पर्धेचे हे प्रकार म्हणजे भातशेतीचं अवजारघरच आहे. कोकणातल्या माणसाला ती फळी दाखवली तर तो लगेच म्हणेल, चिखलणी झाल्यावर शेत सपाट करायची आमची फळी हीच की. संगमेश्वर-राजापूरकडे पावसाळ्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कंबळ अजिबात परकं वाटणार नाही.

त्या रात्री लाउडस्पीकरवरून एक शब्द दर पाच मिनिटांनी येत होता. परंपरा. आपली परंपरा, तुळुनाडूची परंपरा, हजार वर्षांची परंपरा. आणि फोटो-फिनिशच्या पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भाग उमटत होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच परंपरा ट्रकमध्ये चढून बंगळुरूला गेली. २५ आणि २६ तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर तात्पुरती धावपट्टी खणली, पाणी सोडलं, चिखल केला आणि किनाऱ्यावरून दीडशेहून जास्त जोड्या साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून, घाट चढून तिथे उतरल्या. गर्दी प्रचंड लोटली. राजधानीत नोकरीसाठी गेलेल्या तुळू माणसांचे डोळे भरून आले, हे खोटं नाही. पुढे प्राणिहक्कवाल्यांनी बंगळुरूतल्या कंबळाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि वाद नेहमीच्या दोन खुंट्यांना जाऊन अडकला. एक बाजू म्हणते हा क्रूरपणा आहे, बंद करा. दुसरी म्हणते ही संस्कृती आहे, हात लावू नका.

मला दोन्ही बाजूंचं बोलणं अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं की गेल्या पन्नास वर्षांत कंबळ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी राहायला आल्या आहेत. एक शेतातला विधी आणि दुसरी शर्यत. विधीच्या नावावर मिळवलेला दाखला शर्यत वापरते आहे. हे दोन्ही कागदावर वेगळे केल्याशिवाय रेड्यांचंही भलं होणार नाही आणि तुळुनाडूचंही.

आधी दाखल्याचं बघू, कारण त्यात आपण महाराष्ट्रातले लोकही भागीदार आहोत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. त्याच निकालाचा धागा धरून २०१६ मध्ये कर्नाटकात कंबळही थांबलं. मग २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी माणसांचा समुद्र उसळला, तमिळनाडूने कायदा बदलला आणि पाठोपाठ कर्नाटक आणि महाराष्ट्राने. तिन्ही राज्यांचे कायदे घटनापीठापुढे गेले. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते वैध ठरवले. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, ते विधिमंडळाने ठरवलं असेल तर आम्ही त्यात पडत नाही, असा त्या निकालाचा रोख. म्हणजे मावळातला बैलगाडा आणि मूडबिद्रीतला रेडा एकाच छपराखाली उभे आहेत, आणि ते छप्पर ‘संस्कृती’ या एका खांबावर टेकलं आहे.

कर्नाटकच्या कायद्यातही कंबळाची ओळख परंपरेचा आणि संस्कृतीचा भाग म्हणून होणारा पारंपरिक खेळ अशीच आहे. निकालानंतर सहा महिन्यांनी तोच खेळ शहरातल्या भाड्याच्या मैदानावर गेला तर कायद्याच्या अक्षराला धक्का लागत नाही. युक्तिवादाला मात्र लागतो. कोर्टात तुम्ही सांगितलंत की याला इथल्या मातीपासून तोडता येणार नाही. मग तुम्हीच ते तोडलंत.

आता ती माती कुठली ते पाहू. तुळुनाडूतल्या मोठ्या घराण्यांच्या घराला गुत्तु म्हणतात. गुत्तुच्या पुढचं सगळ्यात मोठं भाताचं शेत म्हणजे कंबळाचं शेत. हा मुलूख पावसाचा, वर्षात भाताची तीन पिकं काढणारा: पावसाळ्यातलं एणेल, त्यानंतरचं सुग्गी आणि पाणी असेल तिथे उन्हाळ्यातलं कोळके. एणेलची कापणी झाली की सुग्गीच्या पेरणीआधी या शेतात चिखल करायचा, रेडे फिरवायचे, शेताच्या मधोमध फुलांनी सजवलेला खांब रोवायचा. त्या खांबाला पूकरे म्हणतात, म्हणून ते पूकरे कंबळ. त्यात दैवाला, म्हणजे तिथल्या स्थानिक देवतेला, कौल लावणं, गावातल्या कुणी काय आणायचं, कुणी कुठे उभं राहायचं हे सगळं ठरलेलं. बक्षीस म्हणजे नारळ आणि केळ्यांचा घड. असं कंबळ काही गावांत आजही होतं. त्याला टीव्हीवाले येत नाहीत. एका दिवसात आटोपतं आणि लोक पेरणीला लागतात.

दुसरं कंबळ जोडुकरेचं. ‘करे’ म्हणजे धावपट्टी; जोडुकरे म्हणजे दोन पट्ट्या शेजारीशेजारी, दोन जोड्या एका वेळी. हा प्रकार १९७० च्या आसपासचा आहे, म्हणजे माझ्या वयाचे लोक त्याच्याहून मोठे आहेत. वर लाउडस्पीकरवरची हजार वर्षं सांगितली ती याच शर्यतीच्या मंडपात ऐकलेली. हा प्रकार नवा आहे म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. आपल्या सार्वजनिक गणपतीचं वयही काही फार नाही. फक्त नव्याने जुन्याची कागदपत्रं दाखवून आत शिरू नये एवढंच.

आणि हे शतकाच्या उत्तरार्धातच का घडलं याला कारण आहे. १९७४ ची भूसुधारणा. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या काळात कुळकायदा बदलला आणि दक्षिण कन्नडमध्ये तो नुसता कागदावर राहिला नाही. हजारो कुळांच्या नावावर जमिनी झाल्या. गुत्तुचं शेत आक्रसलं. ज्या कुळांनी कंबळाला आपले रेडे घेऊन जायचं ठरलेलं होतं ती आता कुळं राहिलीच नाहीत. त्यात भाताला भाव नाही, लावणीला माणूस नाही, आणि सुपारी लावली की घर चालतं. नांगर पॉवर टिलरने नेला. शेतातून रेडा गेला आणि मग शर्यतीत आला. आज जोडुकरेला धावणारा रेडा नांगराला जुंपलेलाच नसतो. त्याला शिजवलेले कुळीथ खायला घालतात, तेलाने रगडतात, पोहायला नेतात. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला कुळथाचं कढण देतात, त्यामुळे रेड्याची ही खातिरदारी मला भलतीच घरगुती वाटली. पण हा शेतकऱ्याचा रेडा राहिला नाही. हा पैलवान आहे. त्याचा मालक अनेकदा मंगळुरात किंवा मुंबईत धंदा करतो आणि रेड्यांची जोडी ही त्याची गावातली इज्जत आहे.

कुळकायदा झाला याचं मला अणुमात्र दुःख नाही. उलट कंबळ वाचवणाऱ्यांनी ही गोष्ट ठळक अक्षरात सांगायला हवी. समाजरचना मुळापासून बदलली तरी कंबळ मेलं नाही. म्हणजे एक नियम बदलला तर परंपरा बुडेल, हा बागुलबुवा आहे.

याचा याहून कडू पुरावा कोरगांचा. कोरग हा तुळुनाडूतला आदिवासी समाज. वेताच्या-बांबूच्या टोपल्या विणणारा, ढोल वाजवणारा. कर्नाटकातली त्यांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास आणि केंद्राच्या यादीत त्यांची नोंद अतिअसुरक्षित जमात म्हणून. कंबळाच्या आदल्या रात्री कोरगांनी शेताच्या कडेला थंडीत बसून ढोल वाजवत रात्र जागवायची. या विधीचं नाव पनिकुल्लुनि, म्हणजे दवात बसणं. किती सुंदर नाव! आणि सकाळी रेडे सोडायच्या आधी त्या पट्टीतून कोरगांना पळवायचं, रेड्यांसारखं. तळाशी काटा, काच असेल तर ती त्यांच्या पायाला आधी लागावी, रेड्याच्या नको, असं त्याचं कारण सांगतात. ही कोणी शत्रूने रचलेली गोष्ट नाही. कर्नाटक विधिमंडळाने २००० साली कोरगांवरच्या ‘अजलु’ प्रथेला बंदी करणारा कायदा केला. त्या कायद्यात अजलु म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि कंबळ सुरू होण्याआधी कोरगांना रेड्यांसारखं पळवणं हे त्या व्याख्येत शब्दशः लिहिलेलं आहे. त्याच व्याख्येत केस आणि नखं कालवलेलं अन्न त्यांना खायला लावण्याचाही उल्लेख आहे.

हे वाचल्यावर मी काही दिवस कंबळाचे व्हिडिओ बघू शकलो नाही. मग हळूहळू लक्षात आलं की हा कायदा कंबळाच्या विरोधात नाही, तो कंबळाच्या बाजूने सगळ्यात मजबूत साक्ष देतो. एकेकाळी ही प्रथाही ‘पूर्वापार’ म्हणूनच चालत होती. कायद्याने ती काढली. कुठला देव कोपला? रेडे आजही धावतात. तेव्हा उद्या चाबूक काढला, तर परंपरा कोसळते म्हणणाऱ्याने आधी २००० सालचा कायदा वाचावा.

चाबकाचं बोलायलाच हवं. प्राणीमित्रांच्या बोलण्यातला अतिरेक मला दिसतो. रेड्यांच्या अंगावर हात फिरवणारा, त्यांना नावाने हाका मारणारा माणूस त्यांना दिसतच नाही. एका मालकाला शर्यत हरल्यावर रेड्याच्या कपाळाला कपाळ टेकवून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. पण त्याच रात्री सुटण्याच्या टोकाला रेड्यांच्या पाठीवर बसणारे फटकेही मी ऐकले आहेत. फटका चिखलाचा आवाज नव्हता. आयोजकांच्या नियमपुस्तकात काय लिहिलंय ते मला नका सांगू. चोवीस तास लांबलेल्या स्पर्धेत पहाटे चार वाजता नियमपुस्तक कोण उघडतं?

इथे शेताचा विधी आणि मैदानाची शर्यत यांतला फरक रेड्याच्या पाठीवर उमटतो. विधीत जिंकणं हा गाभा नाही, म्हणून मारायची गरज पडत नाही. शर्यतीत सेकंदाचा शंभरावा भाग मोजला जातो, पहिल्याला सोन्याचं नाणं असतं, जोडीची किंमत लाखांत असते. जिथे घड्याळ आलं तिथे चाबूक येणारच. घोड्यांच्या शर्यतीत हे कळल्यामुळेच चाबूक कसा असावा आणि किती वेळा लागावा यावर जगभर नियम झाले. कंबळातल्या शर्यतीला तसे नियम लावायला गेलं की उत्तर येतं, ‘हा काही रेसकोर्स नाही, ही आमची परंपरा आहे.’ आणि परंपरेप्रमाणे वागा, आपल्या गावात करा, पेरणीआधी करा म्हटलं की उत्तर येतं, ‘काळाप्रमाणे बदलायला नको का?’ दोन्ही खिशात हात घालून उभं राहायचं, हे चालणार नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत ऐकळच्या कंबळात घडलेलं तुमच्या लक्षात असेल. एक तरुण आपल्या जोडीमागे १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत धावला. कुणीतरी त्रैराशिक मांडलं, शंभर मीटरला ९.५५ सेकंद आले, आणि देशभर बोंब झाली की उसेन बोल्टच्या ९.५८ चा विक्रम मोडला. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीसाठी बोलावणं धाडलं. दोर रेड्यांना बांधलेला आहे आणि रेडे त्याला ओढतायत, हे त्या त्रैराशिकात नव्हतं. त्या पोराने चाचणीला नकार दिला. त्यावर मीडियाला केवढं वाईट वाटलं! मला वाटतं त्या सगळ्या गदारोळात शहाणा तो एकटाच होता. आपली धाव कुठल्या जमिनीवरची आहे, ती कुणाच्या जोरावर होते, हे त्याला नेमकं माहीत होतं. सिंथेटिक ट्रॅकवर तो कदाचित चांगला धावपटू ठरला असता, कदाचित नसता. पण ते कंबळ नक्कीच नसतं.

मग बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या तुळू माणसाने काय करायचं? त्याने आपलं काही पाहूच नये? हा प्रश्न मला आमच्या गल्लीतल्या उडपी हॉटेलच्या मालकांनी विचारला. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. चाळीस वर्षं मुंबईत, मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. मी म्हटलं, “अण्णा, मुंबईत कंबळ केलं तर जाल?” ते म्हणाले, “जाणार की. सहकुटुंब जाणार.” मग गल्ल्यावरचे सुटे पैसे लावता लावता म्हणाले, “पण कोला कोणी बोलवला तर नाही जाणार. दैव तिकडचं आहे. इकडे आणून काय त्याला रेशनकार्ड देणार?”

अण्णांनी सहज केलेला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कोला म्हणजे दैवाचा नाच, भूतकोला. पंजुर्ली, गुळिग, जुमादी, मच्छीमार मोगवीरांचा बोब्बर्य. या प्रत्येकाचं एक स्थान असतं, एक हद्द असते, त्या हद्दीतल्या भांडणांचा तो निवाडा करतो. दैव अंगात येतं ते नलिके, परव, पंबद या अनुसूचित जातींतल्या माणसाच्या. त्या रात्री गुत्तुचा धनी त्याच्यापुढे हात जोडून उभा असतो आणि दैव त्याला खडे बोल सुनावतं. यातली काही दैवतं अन्यायाने मेलेली माणसं आहेत. कार्कळला टेकडीवर १४३२ सालचा गोमटेश्वर उभा आहे, सुमारे बेचाळीस फूट उंच, एकाच दगडातला. इतिहास सांगतो की तो भैररस राजाने उभारला. तुळू पाड्दन, म्हणजे भातलावणीला बायका गातात ती लांबच लांब कवनं, ती सांगतात की तो कल्कुड नावाच्या पाथरवटाने घडवला, आणि असं दुसरं कुठे घडवू नये म्हणून राजाने त्याचा एक हात आणि एक पाय तोडला. मग कल्कुड आणि त्याची बहीण कल्लुर्टी दैव झाले आणि त्यांनी सूड उगवला. आज त्या दोघांची स्थानं तुळुनाडूत गावोगाव आहेत. राजाची पूजा कोणी करत नाही.

अशी संस्कृती प्रदर्शनात मांडायची म्हणजे तिच्यातली तक्रार काढून टाकायची. २०२२ मध्ये एका कन्नड चित्रपटाने हा कोला देशभर पोचवला, आणि मग शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लग्नाच्या संगीतापर्यंत पंजुर्ली नाचू लागला. तुळुनाडूतूनच त्याला विरोध झाला, आणि तो विरोध कर्मठपणाचा नव्हता. न्यायाधीशाला कोर्टाबाहेर काढून ऑर्केस्ट्रात उभं केल्यावर जे वाटेल ते त्यांना वाटलं. एक गोष्ट मात्र त्या चित्रपटाच्या लाटेत चांगली झाली: कर्नाटक सरकारने साठी उलटलेल्या दैवनर्तकांना महिना दोन हजार रुपये मानधन जाहीर केलं. दोन हजार. रेड्याच्या एका आठवड्याच्या कुळथाला पुरतील की नाही, शंका आहे.

तेव्हा अण्णांचाच धागा धरून मी म्हणतो: कंबळातला जो भाग कोलासारखा आहे, हद्दीचा आहे, तो हलवू नका. जो भाग अण्णांना मुंबईतही सहकुटुंब बघायला आवडेल, तो खुशाल हलवा, पण त्याला खेळ म्हणा आणि खेळाचे सगळे नियम त्याला लावा. पट्टीची लांबी, एका जोडीने दिवसात किती वेळा धावायचं, ट्रकमधून किती तासांचा प्रवास चालेल, पोचल्यावर किती विश्रांती, पशुवैद्य हजर, रात्री अमुक वाजता खेळ बंद, चाबूक नाही. धावणाऱ्या पोरांचा विमा. ढोल वाजवणाऱ्या कोरगांना रीतसर मजुरी, पावतीसह.

हे हवेतलं नाही. आपल्याकडे दहीहंडीचं काय झालं आठवा. थरांवर थर, लाखोंची बक्षिसं, खाली पडून मोडलेले मणके, आणि कोर्टात गेलं की ‘आमच्या सणात ढवळाढवळ’. शेवटी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, आणि खेळ म्हटल्यावर गोविंदांच्या विम्याचा रस्ता मोकळा झाला. राजकारण त्यातून गेलं असं मी म्हणणार नाही, ठाण्याला जाऊन बघा. पण विमा मिळाला. आणि गोकुळाष्टमीला चाळीत, वाड्यात, देवळात लहान मुलं पाच फुटांवरची हंडी फोडतात तिच्या केसालाही धक्का लागला नाही. सण सणाच्या जागी राहिला, खेळ खेळाच्या. बैलगाड्याच्या बाबतीत आपण अजून एवढंही केलेलं नाही, हे कबूल करून मगच मी तुळू लोकांना सल्ला देतो आहे.

बैलगाड्यावाल्यांचा एक युक्तिवाद कंबळाच्या समर्थकांच्या तोंडीही असतो: शर्यत आहे म्हणून जनावर टिकलं, नाहीतर खाटकाकडे गेलं असतं. खिल्लार बैलापुरतं यात थोडं तथ्य असेलही. पण मोठ्यातल्या मोठ्या कंबळात दोन-अडीचशे जोड्या उतरतात. एवढ्या पैलवान रेड्यांवर कुठल्याही जनावराची जात टिकत नाही. ती टिकते गावात शंभर घरी म्हैस बांधलेली असली तर, आणि तिला शेतात किंवा गोठ्यात काही काम असलं तर. त्या शंभर घरांसाठी कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

आणि सरकारला संस्कृतीचा एवढा पुळका आहे तर भाषेचं काय? २०११ च्या जनगणनेत तुळू मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाख लोक आहेत. आठव्या अनुसूचीत असलेल्या बोडो आणि मणिपुरीपेक्षा जास्त. तरी तुळू त्या यादीत नाही. १९५६ मध्ये राज्यं भाषेवर ठरली तेव्हा या भाषेचा मुलूख एका बाजूने म्हैसूरला आणि कासरगोड केरळला गेला. जर्मन मिशनरी मंगळुरात येऊन तुळूचा कोश छापून गेले, तोही १८८६ मध्ये. त्यांच्याच मिशनने १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यातून मंगळुरी कौलं निघाली आणि पुढे आपल्या कोकणातली निम्मी घरं त्या नावाच्या कौलांनी शाकारली गेली. कौल घराघरात पोचलं, भाषा मात्र तिच्या घरातही ओसरीवरच बसलेली. राजधानीत रेडे पळवले की नेत्यांना व्यासपीठ मिळतं. ज्या पाड्दनांत त्या शेतांचा, त्या दैवांचा, त्या कल्कुडाचा इतिहास आहे, ती गाणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जातायत आणि लावणीच थांबल्यामुळे त्यांच्या सुनांना ती गायला निमित्त उरलेलं नाही. कंबळासाठी द्यायचा पैसा असेल तर आधी तो या बायकांच्या अंगणात रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्याला द्या. मग गावोगावच्या पूकरे कंबळाला द्या, जिथे शेत अजून पेरलं जातं. जोडुकरेला सरकारी अनुदानाची गरज नाही, तिथे सोन्याची नाणी वाटतात.

अण्णांना मी हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोऱ्याला दोन कॉफी सांगितल्या आणि म्हणाले, “तुम्ही बोलता ते बरोबर आहे. पण आमच्या घरचं कंबळाचं शेत आता सुपारी आहे. भावाने लावली. आईने मात्र मधला एक तुकडा सोडायला लावला, दहा बाय दहा. दर वर्षी त्या दिवशी तिथे ती पाणी सोडते, एक बांबू रोवते, फुलं बांधते.”

“आणि रेडे?”

“रेडे कुठून आणणार? शेजारच्याचा टिलर एक चक्कर मारतो. नारळ फोडतात त्याच्यावर.”